सेवा करणाऱ्यांचे खांदे



गडचिरोली जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. नाव छापू नका असे पत्रात दोनदा लिहिले आहे, म्हणून नाव-गाव काही सांगत नाही. मजकूर थोडक्यात असा. त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे शिबिर झाले. मान, मनगट, तळपाय यांवर बोटांनी कुठे आणि कसा दाब द्यायचा, म्हणजे ॲक्युप्रेशर, हे तिथे शिकवले. निम्म्या जणी तोंडाला पदर लावून हसल्या. या मात्र घरी आल्या, रात्री स्वतःची मान दाबून पाहिली आणि त्यांना बरे वाटले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ही कसली चिनी थेरं!’’ मग त्यांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. याचा खरेच उपयोग होतो की नुसता मनाचा खेळ आहे? आपण बायकांनी एकमेकींना असे दाबून देण्यात काही गैर आहे का? तिसरा प्रश्न अगदी खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात आहे. ‘‘कोरोना जाऊन इतकी वर्षे झाली, तरी रात्री दोनला जाग येते आणि ऑक्सिजनच्या बाटलीतला बुडबुड आवाज कानात येतो. हे दाबल्याने जाईल का?’’

पहिले दोनच प्रश्न असते तर आम्ही पाव पानात उत्तर देऊन मोकळे झालो असतो. तिसऱ्यासाठी या महिन्याचे सगळे सदर लागणार आहे. आम्ही शिक्षक, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्या काळाचे हे पत्र आहे तो काळ आमच्या घराच्या माडीवर राहून गेला आहे. त्यामुळे सुरुवात घरापासूनच करतो.

२०२१ चा रमजान आठवत असेल. १४ एप्रिलला पहिला रोजा झाला आणि १४ मे रोजी ईद. नेमका तोच महिना दुसऱ्या लाटेचा. आमची धाकटी नणंद चंद्रपुरात स्टाफ नर्स. तिचे सासर सिरोंच्याला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला तिने दादीजवळ ठेवले आणि मार्चच्या सुरुवातीला आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली. कोविड वॉर्डाची ड्युटी, म्हणून आम्ही सगळी खबरदारी घेतली. ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचे, आवाज द्यायचा आणि खाली यायचे. तिचे कपडे वेगळ्या बादलीत, तिचा ग्लास वेगळा, तिच्यासाठी मागचे दार. मुलांना जिना चढायची बंदी. तिची काळजी घेतो आहोत असेच आम्हाला वाटत होते.

चंद्रपूरचा मे महिना बाहेरच्या वाचकांना सांगून कळायचा नाही. पारा ४५ च्या पुढे जातो, पंख्यातून झळा येतात. त्या उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किटचा बंद पोशाख, वर चष्मा, दुहेरी हातमोजे. एकदा आत गेले की पाच-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. किट उतरवली की अंगातले कपडे पिळून घ्यावेत इतके ओले. नाकावर मास्कची लाल रेघ, कानामागे सोललेले. काही रोजे तिला सोडावे लागले. त्यांची कजा तिने थंडीत पूर्ण केली.

ईदच्या दिवशी ती अंगणात उतरली. आम्ही ओसरीवर, ती पेरूच्या झाडाखाली. शीरखुर्म्याची वाटी मध्ये स्टुलावर. मुलांनी लांबूनच सलाम केला. ती हसली आणि म्हणाली, ‘‘भाभी, दो महीने हो गए, मुझे किसी ने हात नहीं लगाया. दिनभर मैं ही सबको हात लगाती हूँ.’’

तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याचे बोलावे तसे बोलली. आम्हाला मात्र ती वाटी उचलवेना. आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण १६ जानेवारीपासूनच सुरू झाले होते, तिचे दोन्ही डोस झाले होते, ड्युटीवरून आल्यावर ती आंघोळ करूनच खोलीत जायची. खबरदारी किती आणि भीती किती, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. त्या दिवशी दोघींनी मास्क लावले, आम्ही साबणाने हात धुतले, तिला मोकळ्या अंगणात स्टुलावर बसवले आणि मागे उभे राहून तिची मान धरली. खांदे लाकडासारखे घट्ट होते. पाचेक मिनिटांनी तिचे डोके हळूहळू पुढे झुकले. ती रडत होती की झोपत होती ते आम्ही विचारले नाही.

हे दाबणे आम्ही बी.एड.च्या वसतिगृहात शिकलो. परीक्षेच्या दिवसांत एक मैत्रीण सगळ्यांच्या माना दाबून द्यायची. तिने दाखवलेल्या जागा आजही आठवतात, आणि नंतर वाचल्यावर कळले की ॲक्युप्रेशरच्या पुस्तकांतही त्याच जागा आहेत. डोक्याच्या मागे, केस संपतात तिथे, मानेच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा लागतो. दोन्ही अंगठे तिथे ठेवायचे, बाकीची बोटे डोक्याला आधार म्हणून, आणि दाब वरच्या दिशेने, कवटीच्या बुडाकडे द्यायचा. मास्क आणि चष्म्याच्या पट्ट्यांनी जे डोके दुखते त्याला ही जागा चांगली. दुसरी जागा दोन भुवयांच्या मधोमध. तिथे एकाच बोटाने अगदी हलका दाब, डोळे मिटून. तिसरी जागा मनगटाच्या आतल्या बाजूला. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध, दोन दोऱ्या हाताला लागतात. त्या दोन दोऱ्यांच्या मध्ये अंगठा टेकवायचा. मळमळ होते तेव्हा ही जागा दाबतात.

दाब किती, हे ज्याचे त्याला कळते. ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ इथपर्यंत. श्वास अडकला किंवा खांदा वर उचलला गेला की समजावे, जास्त झाले. एका जागी एक-दोन मिनिटे पुरेत. श्वास सोडताना दाब वाढवायचा, घेताना सैल करायचा. नखे कापलेली हवीत. तेल लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत, म्हणून ड्युटीच्या मधल्या चहाच्या वेळेतही खुर्चीवर बसल्या-बसल्या होते. तळपायासाठी तर दुसऱ्या माणसाचीही गरज नाही. खाली लाटणे किंवा पाण्याने भरलेली बाटली ठेवायची आणि त्यावर पाय मागेपुढे फिरवायचा.

आता सावधगिरीचे, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर एक प्रसिद्ध जागा आहे. डोकेदुखी-दातदुखीसाठी सगळे तीच सांगतात. गरोदर बाईच्या हातावर ती दाबू नये. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटे वर असलेली आणि खांद्याच्या मधोमध असलेली जागाही गरोदरपणात टाळतात. आरोग्य केंद्रांत निम्म्या मुली नव्या लग्नाच्या असतात, तेव्हा आधी विचारावे. ताप असताना, जखमेवर, पुरळावर, फुगलेल्या निळ्या शिरांवर दाबू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणखी एक सांगायचे आहे, आणि त्यात चूक आमची होती. ईदच्या दिवसानंतर आमच्या हाताला मोहल्ल्यात थोडे नाव झाले. एक खाला कोरोनातून उठून तीन आठवडे झाले होते, त्यांची पोटरी दुखायची. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांचा पाय मांडीवर घेऊन दाबायला बसलो. तेवढ्यात नणंद आली. तिने दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. एकच सुजलेला, लाल आणि गरम. ‘‘भाभी, हात काढा,’’ एवढेच म्हणाली आणि रिक्षा बोलावली. शिरेत रक्ताची गाठ होती. कोरोनानंतर अशा गाठी होऊ शकतात, आणि चोळल्या-दाबल्याने गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. खाला आज धडधाकट आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दिवसापासून आम्ही दुखणे कुठे आहे ते आधी विचारतो आणि हात नंतर लावतो. छातीतले दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणारी कळ, धाप, एका पायाची सूज, ही दाबायची दुखणी नव्हेत.

आता पहिला प्रश्न. उपयोग होतो का? चिनी वैद्य सांगतात की शरीरात शक्तीचे प्रवाह वाहतात आणि या जागा म्हणजे त्यांची दारे. शवविच्छेदनात असे प्रवाह कुणाला दिसलेले नाहीत. पण जागांचा काहीच उपयोग नाही असेही म्हणता येत नाही. मनगटावरच्या त्या जागेचा अभ्यास बराच झाला आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी तिथल्या दाबाने कमी होते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर आढळले. मन आणि थकवा यांच्याबाबत पुरावा कच्चा आहे. कोरोनाकाळात तुर्कस्तानात कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या ७२ परिचारिकांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काही जणींना ऑनलाइन एकच बैठक देऊन चेहऱ्यावरच्या आणि छातीवरच्या अशाच बिंदूंवर बोटांनी हलके ठोकायला शिकवले. त्यांचा ताण आणि चिंता कमी झाली. उरलेल्यांना काहीच दिले नव्हते. आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्याला इथेच शंका येते. काही न मिळालेल्या मुलांशी तुलना केली तर कोणतीही शिकवणी चांगलीच ठरते. बरे वाटले ते बिंदूंमुळे, की कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला म्हणून, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

आमचे मत विचाराल तर दोन्ही गोष्टी आहेत. घट्ट झालेला स्नायू सावकाश दाबला की सैल पडतो, श्वास लांब होतो. याला चीनची गरज नाही, आपल्या घरातल्या बाळंतिणीला विचारा. चिल्ल्याचे चाळीस दिवस मालिश करणारी बाई येते ती कशासाठी? आणि ज्या बाईला दोन महिने कुणी शिवलेले नाही तिच्या मानेवर हात ठेवला तर नेमका बिंदू बोटभर इकडे-तिकडे झाला म्हणून काही बिघडत नाही.

यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. बाईने बाईचे अंग दाबून देण्यात गैर ते काय? युनानी इलाजात तर मालिशीला स्वतःचे नाव आहे, दलक. हकीम इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या ‘कानून’ या ग्रंथात कडक मालिश, नरम मालिश, मधली मालिश असे प्रकार करून कोणाला कोणती द्यावी ते लिहून ठेवले आहे. तेव्हा सासूबाईंना सांगा, ही थेरं एकट्या चीनची नाहीत.

आणि चीनची असली तरी आपले त्या वाटेवर जुने येणे-जाणे आहे. १९३८ साली जपानने चीनवर चढाई केलेली असताना हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस परत आलेच नाहीत. आघाडीवरच्या जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करता करता त्यांची तब्येत ढासळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. आमच्या अब्बांनी तो तीनदा पाहिला होता. डॉ. बसू मात्र परतले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे सुयांची विद्या म्हणजे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्याला येऊन त्यांनी ती सुरू केली. ॲक्युप्रेशर ही तिचीच बिनसुईची बहीण. बसूंनी विद्या आणली हे सगळे सांगतात. रुग्णांची सेवा करणाराच आधी झिजून जातो, हे कोटणीसांच्या मरणातून कुणी फारसे शिकले नाही.

पत्र गडचिरोलीचे आहे, म्हणून आता जंगलाकडे वळतो. कोरोना या दोन जिल्ह्यांत उशिरा पोहोचला. मुंबई-पुण्यात हाहाकार चालू होता तेव्हा इथे शांत होते. मे २०२० मध्ये चंद्रपुरात आणि त्याच महिन्यात पुढे गडचिरोलीत पहिले रुग्ण सापडले. मग १५ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आम्हा शिक्षकांच्याही हाती ऑक्सिमीटर आला. आम्हाला सिंदेवाहीकडची गावे मिळाली. सोबत एक आशाताई. वय पन्नाशीकडे झुकलेले, पायात झिजलेली चप्पल. एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर जायची वाट जंगलातून. वाघाच्या भीतीने ती तोंडाने सतत बोलत चालायची, आम्हालाही बोलायला लावायची. तिसऱ्या दिवशी झाडाखाली बसल्यावर तिने टाच हातात घेतली. ‘‘पाय तर रोजच दुखून राहिले ना बाई, पण सांगू कोनाले? मीच गावाची डॉक्टरीन.’’

लाटण्याची युक्ती आम्ही तिला तेव्हा सांगितली. ती म्हणाली करून पाहीन. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, बरे वाटते, पण चप्पल नवी घेतली तेव्हा जास्त बरे वाटले. आम्ही तिचे हे वाक्य शाळेत बऱ्याच जणांना सांगतो.

ती ज्या कामासाठी दारोदार फिरत होती त्या कामाचे एक मूळ याच मातीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत आहे. गावातल्याच बाईला शिकवून तिने बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करायची, ही पद्धत त्यांनी इथल्या ३९ गावांत करून दाखवली. बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात ही घरभेट आली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. कोरोनाकाळात या भेटी थांबल्या नाहीत. त्यांच्यावर ताप मोजणे, बाहेरून आलेल्यांची यादी करणे, लसीसाठी समजावणे हे सगळे येऊन पडले. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून गेला की वाट बंद. लस घेतली की माणूस मरतो अशी अफवा अनेक पाड्यांवर होती. तिथे गेलेल्या ताईला लोक दार उघडत नसत, काही ठिकाणी माणसे लस टाळायला रानात निघून जात. शेजारी तिला ‘कोरोनावाली’ म्हणत. अंग दुखणे निराळे आणि हे निराळे.

आणि मोबदला? जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. १५ तारखेला संप सुरू झाला, २३ ला मिटला. हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता, असे महिन्याला दीड हजार पदरात पडले. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. आमच्या त्या ताईने बातमीचे कात्रण भिंतीला लावले आहे. पेन्शन, आजारपणाची रजा यांपैकी भिंतीला लावण्यासारखे काही तिच्याकडे नाही.

हे सगळे आम्ही का लिहीत बसलो? कारण ॲक्युप्रेशरची शिबिरे पाहिली की आम्हाला एक भीती वाटते. नणंदेच्या एका मैत्रिणीचा किस्सा सांगतो, दवाखान्याचे नाव नको. तीन महिने आठवड्याची सुट्टी नाही, पगार दोन महिने थकलेला, आणि सूचना फलकावर कागद लागला: ‘तणावमुक्ती शिबिर, उपस्थिती अनिवार्य.’ रात्रपाळी करून आलेल्या मुलींना सकाळी दहाला खुर्च्यांवर बसवून मनगटे दाबायला लावली. त्यातली एक तिथेच झोपली, तिला शिबिर चालवणाऱ्या बाईंनी उठवू दिले नाही. त्या बाई शहाण्या होत्या. थकलेल्या माणसाला झोप हवी, पगार हवा, बदलीवर माणूस हवा. ते देता येत नाही म्हणून अंगठा दाखवला जात असेल तर मनगटाच्या बिंदूचा त्यात काही दोष नाही, पण अशा शिबिरात हसणाऱ्या मुलींचाही नाही. शिबिर जरूर घ्यावे. ड्युटीच्या तासांत घ्यावे, आणि त्याच कागदावर सुट्ट्यांचा तक्ताही लावावा.

आता ताई, तुमचा तिसरा प्रश्न.

दाबल्याने तो आवाज जाणार नाही. झोपेआधी मान आणि भुवयांची जागा दाबली तर अंग सैल पडेल, डोळा लवकर लागेल, ते जरूर करा. पण रात्री दोनला जी जाग येते ती खांद्यातून येत नाही. आमच्या नणंदेलाही यायची. तिला आवाज नव्हे, वास यायचा. सॅनिटायझरची बाटली उघडली की हात कापायचे. अम्मींना वाटले नजर लागली. दुआ झाली, सदका दिला, मन थोडे हलके झाले, तरी हात कापायचे थांबले नाहीत. जवळजवळ दीड वर्ष तिने कुणाला सांगितले नाही. दवाखान्यात सांगावे तर नोकरीवर शिक्का बसेल आणि सासरी सांगावे तर ‘डोक्यात फरक पडला’ म्हणतील. शेवटी मुलाला ताप आला आणि दवाखान्याच्या दारातून ती आत जाईना, तेव्हा घरात सगळ्यांना कळले.

ती मानसोपचार तज्ज्ञांकडे गेली. त्यांनी सांगितले, भयंकर प्रसंग मनात अडकून राहतात, ते पुन्हा पुन्हा जागे होतात, याला नाव आहे आणि इलाजही आहे. काही महिने गोळ्या झाल्या. त्याहून जास्त झाले ते बोलणे. दर पंधरा दिवसांनी पाऊण तास, एका बाईंसमोर, दार बंद करून. पहिल्या तीन वेळा ती काही बोललीच नाही म्हणे. चौथ्या वेळी तिने एका म्हाताऱ्या बाबांचे सांगितले. तिच्या हातात हात ठेवून ते गेले होते, आणि तिच्या हातात दोन हातमोजे होते. त्यांना शेवटचा स्पर्श रबराचा झाला, हे तिच्या मनातून निघत नव्हते. आम्ही एका घरात राहत होतो, आणि हे आम्हाला दीड वर्ष माहीत नव्हते.

म्हणून तुम्हाला सांगतो, ताई. जाग येणे महिन्याहून जास्त चालले असेल, आणि तुमचे तर वर्षानुवर्षे चालले आहे, तर ते अंगदुखीत मोजू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ओळखीचे भेटतील म्हणून तिथे जायला संकोच वाटत असेल तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. रात्री दोनलाही फोन उचलतात. मोबाइलला रेंज कुठे येते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या अंकाची वाट पाहू नका, आजच फोन करा.

घरातल्या माणसांना हे पान वाचून दाखवा. सासूबाईंनाही. त्यांना चिनी थेरं नको असतील तर बिंदू बाजूला ठेवा. तुम्ही ड्युटीवरून आलात की त्यांनी नुसते जवळ बसवून तुमच्या डोक्याला तेल लावून दिले तरी चालेल. ते त्यांना नक्की येते.

नणंद सध्या आमच्याकडेच आहे, मुलगाही इथल्या शाळेत आहे. तुमचे पत्र तिने दोनदा वाचले. तिला तुमच्याशी बोलायचे आहे. रविवारी जुहरच्या नमाजनंतर ती मोकळी असते. पत्रावर तुम्ही पूर्ण पत्ता लिहिला आहे, पण मोबाइल नंबर लिहायचा राहिला. तेवढा कळवा.